बुलमास्टिफ कोल्हापुरात: न भुंकणाऱ्या राखणदाराचं परीक्षण

या जातीबद्दल कोल्हापुरात सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार: "एवढं मोठं धूड आणलं, पण बेल वाजली तरी भुंकत नाही." तक्रार खरी आहे, पण कुत्रा आपलं काम चोख करतोय. गप्प राहून राखण करण्यासाठीच ही जात घडवली गेली. भुंकून गल्ली जागी करणारा हवा असेल तर पैसे चुकीच्या जागी गेले.

गुण आधीच देऊन टाकतो. ताराबाई पार्क, रुईकर कॉलनीसारख्या ठिकाणी कंपाउंडचं घर आहे, दिवसभर घरात कुणी ना कुणी असतं आणि कुत्र्याला रात्री घरात झोपवायची तयारी आहे, तर पाचपैकी साडेचार. शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या शेडवर साखळीला बांधायला हवा असेल तर पाचपैकी एक, तोही नुसत्या आकाराचा.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या मोठ्या इस्टेटींच्या राखीव रानात रात्री चोरटी शिकार चालायची, आणि चोर हत्यारबंद असायचे. तिथल्या रखवालदारांना असा कुत्रा हवा होता जो आवाज न करता माग काढेल, जवळ पोचल्यावर झडप घालून माणूस पाडेल आणि मालक येईपर्यंत दाबून धरेल. फाडलेला माणूस त्यांना नको होता, धरलेला हवा होता. मास्टिफ ताकदीचा पण संथ, त्या काळचा बुलडॉग चपळ पण फार तापट. त्यातून साधारण ६० टक्के मास्टिफ आणि ४० टक्के बुलडॉग असं मिश्रण ठरत गेलं. अंधारात दिसू नये म्हणून गडद पट्टेरी रंगाला तेव्हा मागणी होती; आज आपल्याकडे लोक काळ्या तोंडाच्या तांबूस किंवा फिकट रंगावर भुलतात. १९२४ साली इंग्लंडच्या केनेल क्लबनं स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. खासबागेत कुस्ती बघितलेल्या माणसाला या कुत्र्याचं काम वेगळं समजावून सांगायला नको: पाडायचं, वर बसायचं, उठू द्यायचं नाही.

आता हेच आपल्या फाटकावर कसं दिसतं ते बघा. कडी वाजते. रॉटवायलर असता तर एव्हाना फाटकापर्यंत धावून चार वेळा भुंकला असता. बुलमास्टिफ फक्त डोकं उचलतो. कान पुढे येतात, कपाळावर आठ्या पडतात. मग सावकाश उठून तो घरचा माणूस आणि परका यांच्या मधे येऊन आडवा उभा राहतो. तोंड मिटलेलं. ही खूण घरातल्या प्रत्येकानं ओळखायला शिकावी: सैल, लोंबतं, धापा टाकणारं तोंड म्हणजे गडी मजेत आहे, एकदम मिटलेलं तोंड आणि हलत नसलेली नजर म्हणजे ड्युटी सुरू झाली. समोरचा थांबला की हाही थांबतो. तो पुढे सरकला तर पोटातून खर्ज निघतो, कानापेक्षा छातीला जास्त जाणवणारा. त्यानंतरही सरकला तर पूर्ण अंगाचा धक्का. घरच्या माणसानं "असू दे" म्हणून पाहुण्याला आत बसवलं की पाच मिनिटांत हाच कुत्रा त्याच पाहुण्याच्या पायावर रेलून घोरायला लागतो.

म्हणजे धाक त्याच्या दिसण्याचा आहे. ज्या चोरानं त्याला बघितलंच नाही, त्याला बाहेरून इशारा मिळत नाही. तो आत येतो आणि मग अडकतो. आधी इशाराही हवा असेल तर सोपा उपाय म्हणजे एक गावठी कुत्रं सोबत पाळणं. ते भुंकतं, हा उठतो. अशी जोडी दोन बुलमास्टिफांपेक्षा स्वस्त पडते आणि कामालाही चांगली. फक्त जोडी नर-मादी असू द्या. या जातीत नराचं नराशी आणि बऱ्याचदा मादीचं मादीशी पटत नाही, आणि ते लहानपणी नाही, दीड-दोन वर्षांचे झाल्यावर कळतं.

स्वभाव बिघडवायचे दोन हमखास मार्ग आपल्याकडे चालतात. पहिला म्हणजे "अटॅक ट्रेनिंग". सात-आठ महिन्यांच्या पिलाला खांबाला बांधायचं, पोतं हलवून चिडवायचं आणि चावलं की शाबासकी द्यायची. या जातीची खरी किंमत तिच्या उशिरा पेटण्यात आहे. तो उशीरच काढून टाकला की हाती उरतो ५५ किलोचा ब्रेक नसलेला प्राणी, जो दूधवाला आणि चोर यांत फरक करत नाही. राखण त्याच्या रक्तात आहे, ती वेगळी शिकवावी लागत नाही. बसणं, थांबणं, सोडणं, आपल्या जागेवर जाणं आणि पट्टा न ताणता चालणं, एवढ्या पाच गोष्टी पक्क्या झाल्या तरी पुष्कळ. ट्रेनरनं "तीन महिने आमच्याकडे ठेवा, तयार करून देतो" म्हटलं तर नको म्हणा. हा कुत्रा माणूस बघून ऐकतो. तिकडे शिकलेलं घरी येऊन तुमच्यासाठी करेलच असं नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पिलू घरात कोंडून वाढवणं, कारण "लस पूर्ण व्हायचीय". लस हवीच, पण साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिलानं जे बघितलं ते त्याच्या डोक्यात "नेहमीचं" म्हणून बसतं, आणि ही खिडकी परत उघडत नाही. लस पूर्ण होईतोवर जमिनीवर सोडू नका, पण उचलून किंवा गाडीतून फिरवा. संध्याकाळचा रंकाळा, रिक्षा, हेल्मेट घातलेली माणसं, छत्र्या, काठी टेकत चालणारे आजोबा, आरडाओरडा करणारी पोरं. गणपतीच्या दिवसांत हलगी आणि डॉल्बी लांबून ऐकवा. अंतर ठरवायची साधी कसोटी आहे: हातातला चिकनचा तुकडा पिलू खातंय तर अंतर बरोबर, तोंड फिरवलं तर आणखी लांब जा. हे न केलेला कुत्रा मोठेपणी घाबरट होतो, आणि घाबरलेला राखणदार आधी चावतो, मग विचार करतो.

शिकवणी पाच-सात मिनिटांची, दिवसातून दोन-तीनदा. चार वेळा सांगितलेलं ऐकेल, पाचव्यांदा खाली बसून तुमच्याकडे बघत राहील. त्याला तो मठ्ठपणा समजू नका, त्याला कंटाळा आलेला असतो. आवाज चढवला की तो बंद पडतो. हात उगारला तर विश्वास जातो आणि तो परत मिळवायला महिने लागतात. दहा ते अठरा महिन्यांचं वय सगळ्यात अवघड, कारण शरीर पैलवानाचं आणि डोकं पोराचं. सांभाळता येत नाही म्हणून कुत्री परत केली जातात ती बहुधा याच वयात.

लहान मुलांशी माया असते, पण अंगाचा अंदाज नसतो. वळताना शेपटीचा फटका किंवा कुल्ल्याचा धक्का लागला तर चार वर्षांचं पोर सहज आडवं होतं. त्यामुळे मोठं माणूस जवळ नसताना दोघांना एकत्र ठेवायचं नाही. मुलांची धक्काबुक्की, कुस्ती बघून तो मधे पडू शकतो. शेजारची पोरं खेळायला आली की त्याला खोलीत ठेवलेला बरा.

शेड आणि मळ्याला तो का चालत नाही? हा माणसाजवळ राहून माणूस राखतो, मोकळी जागा राखायची हौस त्याला नाही. फौंड्रीच्या आवारात रात्रभर एकटा बांधलात तर एक तर तो कोपऱ्यात सुस्त पडून राहतो किंवा दिसेल त्याच्यावर धावतो. दोन्हीत तुमची राखण होत नाही. उसाच्या मळ्यात तर हंगामात टोळ्या येतात, नवी माणसं, बैलगाड्या, ट्रॅक्टर. दर आठवड्याला परके बदलतात आणि "हा आपला" असं सांगणारा घरचा माणूस जवळ नसतो. त्या कामाला दोन-तीन गावठी कुत्री आणि एक वॉचमन केव्हाही सरस. फार्महाऊसवर कुटुंब राहत असेल तर मात्र चालतो. सहा फुटी भिंत पुरते, कारण उड्या मारण्याची हौस नाही. पण फाटक अंगानं रेटतो, म्हणून साधी कडी न ठेवता खाली आणि वर दोन अडसर लावा, आणि तारेची जाळी असेल तर तिची खालची कड काँक्रीटमध्ये गाडा.

आता अंगाबद्दल. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी ६३.५ ते ६८.५ सेंटिमीटर आणि ५० ते ५९ किलो; मादी ६१ ते ६६ सेंटिमीटर आणि ४१ ते ५० किलो. "आमच्याकडे ८० किलोचा आहे" असं कुणी अभिमानानं सांगितलं तर तो कुत्रा लठ्ठ आहे नाहीतर बुलमास्टिफ नाही. पिलू वाढीच्या महिन्यांत आठवड्याला किलोभरानं वाढतं, आणि खरी नासाडी इथेच होते.

चूक दोन उलट टोकांना होते. काही घरांत पिलू दूध-भाकरी आणि नुसत्या चिकन-भातावर वाढतं. हाडाशिवायच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, त्यामुळे शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढतं आणि पाय वाकतात. काही घरांत मोठ्या जातीच्या पिलांचं तयार खाद्य असतं, ज्यात कॅल्शियम मोजून घातलेलंच आहे, आणि वर रोज दोन चमचे कॅल्शियम सिरप. पाच-सहा महिन्यांखालच्या पिलाला आतड्यातून कॅल्शियम आत घेणं आवरता येत नाही. जास्त दिलं की जास्त शोषलं जातं आणि कूर्चा नीट हाड होत नाही. सांधे तिथेच कायमचे बिघडतात. म्हणून "लार्ज ब्रीड पपी" लिहिलेलं एकच खाद्य द्या, कॅल्शियम १.८ टक्क्यांच्या वर नको, आणि सिरप दुकानातच राहू द्या. घरचंच अन्न द्यायचं असेल तर प्रमाण पशुवैद्याकडून लिहून घ्या.

पैलवानाचा खुराक तर विसराच. तूप, बदाम, लिटरभर दूध यानं जुलाब आणि चरबी, दुसरं काही नाही. पिलाच्या बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला तर हलकेच लागाव्यात. मोठ्या कुत्र्याला दिवसाला ६०० ते ७०० ग्रॅम चांगलं कोरडं खाद्य, म्हणजे महिन्याला साधारण २० किलोचं एक पोतं. रविवारचा तांबडा-पांढरा मात्र ताटातच संपवा. कांदा-लसूण कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतो आणि शिजलेलं हाड टोकदार चिरफळ्यांत तुटतं.

फरशी हा कुणी न बोललेला खर्च आहे. चकचकीत टाइल्सवर वाढणारं पिलू रोज घसरतं आणि नितंबाचा सांधा, जो या जातीत आधीच कच्चा असू शकतो, आणखी ढिला होतो. त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर रबरी मॅट टाका. झोपायला चार इंच जाडीची गादी हवी, नाहीतर कोपरांवर घट्टे आणि नंतर पाण्याच्या गाठी येतात. दीड वर्षाखाली जिने, उड्या आणि गाडीमागे पळवणं बंद. ज्योतिबाच्या पायऱ्यांवर पिलाला चढवून व्हिडिओ काढणाऱ्यांना काय म्हणावं!

हवा म्हणाल तर कोल्हापूर या जातीला विदर्भापेक्षा पुष्कळ बरं, पण मोकळं रान नाही. तोंड आखूड, अंग जड, त्यामुळे उष्णता बाहेर टाकायची ताकद कमी. मार्च ते मे फिरणं सकाळी सातच्या आत आणि रात्रीच. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली नाही तर त्याचे पंजेही ठेवू नका. जोरजोरात धाप, चिकट घट्ट लाळ, विटेसारख्या लाल हिरड्या दिसल्या तर लगेच सावलीत घेऊन अंगावर नळाचं साधं पाणी ओता आणि पंखा लावा. आधी गार करायचं, मग दवाखाना. अंगाचा ताप ३९.४ सेल्सियसपर्यंत उतरला की पाणी थांबवा, नाहीतर कुत्रा उलट गारठतो.

पावसाळा वेगळीच परीक्षा घेतो. चेहऱ्याच्या घड्या आणि बोटांच्या बेचक्या ओल्या राहिल्या की बुरशी आणि गळवं होतात. फिरून आल्यावर सुक्या फडक्यानं त्या पुसायला दोन मिनिटं लागतात. गवत आणि गुरं जवळ असलेल्या भागात गोचीड बारमाही. गोचिडावरची गोळी कुत्र्याच्या वजनावर असते, आणि काही गोळ्यांचा सगळ्यात मोठा टप्पा ५६ किलोवर संपतो. त्याच्या वरच्या नराला एकच गोळी दिली तर डोस अपुरा पडतो, हे दुकानदार सांगत नाही. ताप, खाणं सोडणं, फिकट हिरड्या, नाकातून रक्त यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. उंदीर आणि साचलेलं पाणी असलेल्या भागात लेप्टोस्पायरोसिसची लस चुकवू नका. पंचगंगेच्या पूररेषेजवळ राहणाऱ्यांनी आणखी एक तयारी ठेवावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात माणसं बोटीतून काढावी लागली. ५५ किलोचा घाबरलेला कुत्रा अनोळखी लोकांच्या बोटीत ऐन वेळी चढत नाही. वर हँडल असलेला छातीचा पट्टा आणि धाप घेता येईल अशी जाळीची मुस्की, दोन्हींची सवय उन्हाळ्यातच लावा, आणि पाणी चढायला लागलं की पहिल्या फेरीत गाडीतून बाहेर काढा.

लाळ गळते, घोरतो, वारा सोडतो. हॉलमध्ये पांढरा सोफा असेल तर विचार करा.

सगळ्यात धोकादायक आजार म्हणजे पोट फुगून पिळा पडणं. उलटी करायचा प्रयत्न करतो पण फेसाशिवाय काही येत नाही, पोट ढोलासारखं ताणतं, एका जागी बसत नाही, वळून पोटाकडे बघतो. हे गॅसच्या औषधानं जात नाही. काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर कुत्रा जातो. म्हणून पिलू घ्यायच्या आधी शहरात चौकशी करा: रात्री दोन वाजता पोटाचा एक्स-रे आणि शस्त्रक्रिया कोण करतं? शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, तेवढा वेळ हा आजार देईलच असं नाही. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाचून घेता येतं. या जातीत ते करून घ्यावं. जेवण दोन-तीन वेळांत विभागून द्या आणि नंतर तासभर पळापळ नको. आयुष्य तसंही मोठं नाही, आठ-नऊ वर्षं धरून चालावं.

भाऊबंदांशी तुलना थोडक्यात. केन कोर्सो सडपातळ, ४५ ते ५० किलोचा, जास्त तल्लख आणि जास्त कामसू. रोज तासभर डोक्याला काम देणारा मालक असेल तर तो घ्या, नवख्यानं नको. नेपोलिटन मास्टिफ म्हणजे घड्यांचं गाठोडं, उन्हाळ्यात हाल. इंग्लिश मास्टिफ आणखी जड आणि आणखी शांत. तिबेटन मास्टिफ त्याच्या केसांसकट इथे आणणं हा प्राण्यावर अन्याय, शिवाय तो रात्रभर भुंकतो, म्हणजे शेजारी तुमच्यावर. पहिल्यांदाच मोठा कुत्रा पाळणाऱ्याला या सगळ्यांत बुलमास्टिफच झेपेल.

खरेदीबद्दल. १२ मार्च २०२४ च्या केंद्राच्या पत्रात ज्या २३ जातींवर बंदी आणायला सांगितलं होतं, त्यांत मास्टिफ गटही होता. कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी एप्रिल २०२४ मध्ये ते पत्र रद्द केलं. "बंदी आहे म्हणून गुपचूप देतो, कागद नाहीत" म्हणणारा विक्रेता त्या जुन्या बातमीचा फायदा घेतोय. कुत्र्यांच्या पैदाशीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिलू विकता येत नाही. महापालिकेचा परवाना आणि रेबीज लसीचा दाखला काढून ठेवा. निष्काळजीपणानं कुणाला इजा झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडिया) कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही. म्हणून आई-बापाच्या नितंब आणि कोपराच्या सांध्यांचे एक्स-रे मागा, हृदयाची तपासणी मागा, आणि दृष्टिपटल झिजण्याच्या आजाराची डीएनए चाचणी विचारा. या जातीत तो आजार आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आला तरी पुरतो, त्यामुळे "बाप चांगला आहे" हे उत्तर अपुरं.

आणि आईला भेटल्याशिवाय पैसे देऊ नका. तुम्ही आत गेल्यावर ती तुमच्या आणि पिलांच्या मधे येऊन गप उभी राहिली, मालकानं सांगितल्यावर बाजूला झाली आणि थोड्या वेळानं तुमचा हात हुंगायला आली, तर पिलू बघायला बसा. ती कोपऱ्यात शेपूट घालून दात दाखवत असेल, किंवा "आई गावाकडे असते" असं ऐकायला मिळालं, तर चहा न घेता गाडी फिरवा.